केनियात आपले कावळे मारतायत. मग तापीतल्या चिलापीचं काय करायचं?

तापीकाठ (मुक्ताईनगर)

राम राम मंडळी.

आपल्याकडे पित्तरपाटात पानाला कावळा शिवला नाही तर घरातल्यांचा जीव खालीवर होतो. त्याच कावळ्याला केनियाच्या किनाऱ्यावर सरकार विष घालून मारतंय. हा आपल्या उपखंडातला पक्षी. १८९० च्या दशकात तो झांझिबारला नेला गेला, तिथून मुख्य भूमीवर पसरला. स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो, कोंबड्यांची पिल्लं उचलतो, हॉटेलांत टेबलावर येऊन बसतो. शेवटी जून २०२४ मध्ये तिथल्या वन्यजीव खात्याने जाहीर केलं की वर्षअखेरपर्यंत १० लाख कावळे संपवायचे.

दुसरी गोष्ट जपानची. अमामी ओशिमा नावाच्या बेटावर हाबू या विषारी सापाचा बंदोबस्त म्हणून १९७९ मध्ये तीसेक मुंगसं सोडली. मुंगूसही आपल्याच बाजूचं. साप फिरतो रात्री, मुंगूस दिवसा, त्यामुळे दोघांची गाठ पडायची ती पडलीच नाही. मुंगसांनी मग तिथला काळपट ससा खायला घेतला, जो ते आणि शेजारचं अशा दोन बेटांखेरीज जगात कुठेच नाही. पुढे सापळे, कॅमेरे, वास काढणारी कुत्री असा कारभार वर्षानुवर्षं चालला. शेवटचं मुंगूस २०१८ मध्ये सापडलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बेट मुंगूसमुक्त जाहीर झालं.

आता घरचं. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवपासून खाली, जाळं ओढलं की चिलापी (तिलापिया मासा). ही मूळची आफ्रिकेची, भारतात आणली १९५२ मध्ये, स्वस्त प्रथिनं म्हणून. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगतात भरपूर. काही महिन्यांत पुढची पिढी तयार. त्याशिवाय परका (आफ्रिकन) मागूर, सिप्रिनस (कॉमन कार्प), आणि अलीकडे ॲक्वेरियमवाल्यांचा सकर मासा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. परका आहे म्हणून मारा, हे मला पटत नाही. जीव आहे म्हणून हात लावू नका, हेही नाही. मारून तो संपणार आहे का, हे आधी बघावं. संपणार असेल तर लवकर आणि पूर्ण मारावा. संपणार नसेल तर उगाच रक्त सांडून फोटो काढू नयेत. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की इथली चिलापी प्रकाशा बॅरेजला, तिथून थेट उकाई धरणात. तिला कोण कुठे गाठणार?

तुम्हाला काय वाटतं?

निंभोरा_केळी

मारायलाच पाहिजे. आणि नुसते मासे का? रोही (नीलगाय) आणि रानडुकरं पण घ्या यादीत. एका रात्रीत केळीचे कंद उकरून ठेवतात. आमच्या पट्ट्यात येऊन बघा, मग अहिंसा बोला.

अनेर

@निंभोरा भाऊ, तुमचं नुकसान खरं आहे, पण धागा वेगळा आहे. रोही आणि रानडुक्कर इथलेच. ते वाढले कारण त्यांना खाणारे कमी झाले आणि आपण त्यांच्या तोंडाशी ऊस-केळी-मका लावला. त्यांच्यासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम ६२ आहे. केंद्र सरकार ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीसाठी एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करू शकतं. बिहारमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये रोहीसाठी तसं केलं होतं.

परक्या प्रजातींसाठी कायद्यात वेगळी सोय नव्हती. ती २०२२ च्या दुरुस्तीत आली, कलम ६२अ. आक्रमक परक्या प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं, पसरवणं यावर सरकार बंदी आणू शकतं. गंमत बघा, त्याच दुरुस्तीत जुनी पाचवी अनुसूची गेली. त्या अनुसूचीत उंदीर-घुशींच्या रांगेत आपला कावळा होता. म्हणजे केनियाने त्याला उपद्रवी म्हटलं तर आपण फार नाक मुरडायला नको.

निंभोरा_केळी

कायदा कागदावर, डुक्कर शेतात. चालू द्या.

पांझरा (धुळे)

मला हा सगळा सूरच खटकतो. मुंगसाने जहाजाचं तिकीट काढलं होतं का? चिलापी पोहत आली का आफ्रिकेतून? आणणारे आपण, सोडणारे आपण, आणि चूक उमगल्यावर शिक्षा त्याला. दूध-भाकरीवर वाढलेला माणूस आहे मी, मला मासा मेला तरी वाईट वाटतं हे मान्य. पण भावना बाजूला ठेवली तरी 'इथला' कोण हे कुठल्या सालापासून मोजायचं? कपाशीचे आजचे बहुतेक वाण अमेरिकन जातीचे, मिरची बाहेरची, मका बाहेरचा. शहाद्याची पपई मध्य अमेरिकेतली. आपल्या जळगाव-धुळ्याचं सगळं अर्थकारण परक्या झाडांवर उभं आहे. मग माशानेच काय घोडं मारलं?

सातपुड्याची_लेक

+१. मरीआईच्या जत्रेत बोकड कापताना कोणी प्रजाती विचारत नाही, हा भाग वेगळा. 😀

अनेर

@पांझरा सर, कपाशी शेतातून उठून यावल अभयारण्यात शिरत नाही. पेरली नाही तर मरते. परकं असणं आणि आक्रमक असणं वेगळं. बाहेरून आलेल्यांपैकी थोडेच असे निघतात की ज्यांना इथे शत्रू नाही, रोग नाही, आणि जे हाताबाहेर वाढतात. घाणेरी, वेडी बाभूळ, गाजर गवत ही त्यातली. सिप्रिनसने तळाचा गाळ ढवळला की पाणी गढूळ होतं, पाणवनस्पती जातात आणि त्यांच्यावर जगणारी बदकं पण.

आणि दोषाचं म्हणाल तर दोष कोणी देतच नाहीये. सर, मला उलट वाटतं की मारायला उशीर करणं जास्त क्रूर आहे. अमामीत सोडली होती तीसेक. सुरुवातीलाच उचलली असती तर तीसच मेली असती. बेट मोकळं होईपर्यंत ३० हजारांहून जास्त पकडावी लागली. शिवाय त्या मधल्या वर्षांत खाल्लेले ससे, पक्षी, बेडूक. ते जीव कुठल्या वहीत लिहायचे?

पांझरा (धुळे)

हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. उत्तर नंतर देतो.

जाळंवाला (सारंगखेडा)

भाऊ, तुम्ही मारानी गोष्ट करतस, आम्ही तं रोजच मारतस ना! 😀

मराठीत लिहितो, नाहीतर पुण्यातल्यांना कळणार नाही.

आमचा बाप-आजा तापीत जाळं टाकत आला. आजा सांगायचा वाम, मरळ, शिंगाडा, मोठमोठे मासे. आता नदी राहिली नाही, तळी राहिली. सारंगखेड्याला बॅरेज, प्रकाशाला बॅरेज, खाली उकाई. वाहतं पाणी थांबलं तिथे देशी मासा निम्मा गेला, चिलापी तर नंतर फावली. थांबलेलं, कमी प्राणवायूचं, घाण पाणी तिला चालतं. तिच्यावर सगळं बिल फाडू नका. पाणी कोणी अडवलं, मळी कोणी सोडली, ते पण लिहा.

आणि उन्हाळ्यात जेव्हा दुसरं काही लागत नाही तेव्हा चिलापीच आमचं घर चालवते. भाव कमी, काटे जास्त, पण आठवडे बाजारात गरीब माणूस तीच घेतो. ती उद्या संपवली तर आम्ही काय खायचं ते पण ठरवा.

मागूरचं वेगळं. तो परका मागूर शेततळ्यात कोंबड्यांची आतडी घालून वाढवतात. सरकारने २००० साली बंदी घातली, तरी चालू आहे. पुरात तळं फुटलं की नदीत. तो काहीच सोडत नाही. मासा, बेडूक, पाणकोंबडीचं पिल्लूसुद्धा. त्याला मारा, माझी ना नाही, मी पहिला येईन.

सकर माझ्या जाळ्याचा दुश्मन आहे. अंगावर हाडांच्या पाट्या, काटे असे की जाळ्यात गुंतला की जाळं कापूनच काढावा लागतो. खायला कोणी घेत नाही. काठावर फेकला तर किती तरी वेळ जिवंत राहतो. सरकारने किलोमागे दहा-वीस रुपये दिले तर आम्ही पोतीच्या पोती आणून देऊ.

तापीकाठ (मुक्ताईनगर)

@जाळंवाला दादा, धाग्याला असाच प्रतिसाद हवा होता. बॅरेजचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मात्र किलोमागे पैशांची कल्पना जरा जपून. हनोईत १९०२ मध्ये फ्रेंचांनी उंदराच्या शेपटीमागे बक्षीस ठेवलं. लोक शेपूट कापून उंदीर सोडून द्यायला लागले, म्हणजे पुन्हा पिल्लं होतील. काहींनी तर उंदीर पाळले. आपल्याकडे सकरची शेततळी निघायला वेळ लागणार नाही.

जाळंवाला (सारंगखेडा)

हा हा. अनुदान असेल तर नक्की निघतील.

गिरणाई (चाळीसगाव)

मी शाळेत विज्ञान शिकवते. एक वेगळाच पैलू मांडते, थोडं लांबेल.

दर पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाची साथ आली की गावोगावी गप्पी मासे सोडायची मोहीम निघते. आरोग्य केंद्राच्या आवारात गप्पीची पैदास करणारी टाकी असते. तिथून बाटलीत भरून मासे येतात, मुलांच्या हातून टाक्यात, डबक्यात, नाल्यात सोडले जातात, फोटो निघतो. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. त्याचाच भाऊबंद गँबुशिया १९२८ मध्ये भारतात आणला, तोही डासांसाठीच. हे मासे डासांच्या अळ्या खातात हे खरं. पण बेडकाची अंडी, देशी माशांची पिल्लं यांतला फरक त्यांना कोणी शिकवलेला नाही. बंद टाक्यात सोडले तर काही बिघडत नाही. नाल्यात सोडले की नाला गिरणेला, गिरणा तापीला.

म्हणजे एक खातं मागूर नष्ट करा म्हणतं, दुसरं खातं परका मासा सोडण्याचं उद्दिष्ट देतं. मारायचं की नाही यावर आपण दोन दिवस भांडतोय, आणि सोडणं तर सरकारी कार्यक्रम म्हणून चालू आहे! आपल्या ओढ्यातले छोटे देशी मासेही अळ्या खातात. ते वाढवून सोडायला काय हरकत आहे? मी हे एका बैठकीत विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, वरून गप्पीच लिहून आलंय."

मी आता वर्गात एवढंच करते की मासे फक्त सिमेंटच्या टाक्यात सोडायचे. मुलं ऐकतात. मोठ्यांचं माहीत नाही.

शहाद्याचा_पपईवाला

वर कोणी तरी पपईचं नाव घेतलं म्हणून लिहितो. मारायचं असेल तर बंदूक-विष सोडून आणखी एक रस्ता आहे.

पपईवरचा पिठ्या ढेकूण. मेक्सिकोकडचा किडा, भारतात पहिल्यांदा २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि बघता बघता पसरला. पांढरा कापूस पिंजून झाडावर टाकावा असं झाड दिसायचं. फवारणी करून लोक दमले, कारण अंगावर मेणाचा थर, औषध आत जातच नाही. उलट फवारणीने मित्रकीटक मेले. मग २०१० मध्ये बंगळुरूच्या संस्थेने पोर्तो रिकोहून त्याचा नैसर्गिक शत्रू मागवला, ॲसेरोफॅगस नावाची इवलीशी गांधीलमाशीच्या जातीतली माशी. ती पिठ्याच्या अंगात अंडी घालते. काही महिन्यांत जे औषधांना जमलं नाही ते तिने केलं. पिठ्या संपला नाही, पण आटोक्यात आला.

म्हणून मला वाटतं परक्याचा शत्रूही त्याच्याच गावाहून आणावा.

सातपुड्याची_लेक

भारी माहिती. गाजर गवतावरचा मेक्सिकन भुंगा पण असाच ना?

अनेर

@सातपुड्याची_लेक हो, झायगोग्रामा, १९८४ मध्ये सोडला. तो सूर्यफुलावर जातो की काय म्हणून मध्ये बराच गदारोळ झाला होता. गाजर गवत अजून आहेच, भुंगाही आहे.

@पपईवाला दादा, ॲसेरोफॅगस जमली कारण ती फक्त त्या पिठ्यावरच जगते. सोडण्याआधी विलगीकरणात ठेवून हे तपासलेलं असतं. ते न बघता केलेले प्रयोग वाचले तर झोप उडेल. ऑस्ट्रेलियाने उसातल्या भुंग्यांसाठी १९३५ मध्ये केन टोड नावाचा बेडूक आणला. भुंगे उसाच्या शेंड्याला, बेडूक जमिनीवर. बेडकाच्या अंगात विष, त्याला खाऊन तिथली घोरपड, क्वोल (मांजराएवढा शिकारी प्राणी) वगैरे मेले. दुसरं उदाहरण ताहिती-मोरेआ बेटांचं. तिथे मोठ्या आफ्रिकन गोगलगायीला खायला म्हणून फ्लोरिडाकडची मांसाहारी गोगलगाय आणली. तिने मोठीला सोडलं आणि झाडावरच्या छोट्या पार्तुला गोगलगायी खाऊन टाकल्या. जंगलातून त्यांच्या कित्येक जाती कायमच्या गेल्या. तीच आफ्रिकन गोगलगाय २०२२ मध्ये लातूरकडे सोयाबीनवर आली होती. तिच्यावरचा उपाय अजून तरी साधाच आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर टाका, सकाळी गोळा करा, मिठाच्या पाण्यात बुडवा. उघड्या हाताने धरू नका, तिच्यात मेंदूला त्रास देणारा जंत असू शकतो.

आणि नुसतं 'सगळे मारा' यातही फसगत आहे. अंटार्क्टिकाच्या वाटेवर मॅक्वारी नावाचं बेट आहे. समुद्रपक्षी वाचवायला तिथली मांजरं संपवली, २००० पर्यंत. मांजरं गेली तसे ससे फोफावले, डोंगरउतार बोडके झाले. मग ससे, उंदीर, घुशी असं सगळं एकदम काढावं लागलं. २०१४ ला बेट मोकळं जाहीर झालं. आज तिथे गवत परत आलंय. थोडक्यात, कोणाला कोणत्या क्रमाने काढायचं हे आधी माहीत हवं, आणि शेवटच्या प्राण्यापर्यंत पैसा पुरायला हवा. निम्म्यात सोडलं तर पाच वर्षांत पहिले पाढे.

निंभोरा_केळी

सगळी उदाहरणं बेटांची. आमच्याकडे समुद्र कुठाय?

अनेर

@निंभोरा बरोबर पकडलंत. म्हणूनच बेटांवर जमतं. चारी बाजूंनी पाणी, नवीन येऊ शकत नाही. आपल्याकडे बेटासारखी जागा म्हणजे गावतळं, विहीर, शेततळं. उन्हाळ्यात आटतं तेव्हा परका मासा पूर्ण काढता येतो, आणि पुढच्या पावसात तिथे देशी बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडता येतात. तापीत ते होणे नाही.

तापीकाठ (मुक्ताईनगर)

हेच माझं म्हणणं होतं, पण अनेरने नीट सांगितलं. अशा तळ्यांत काढा, दयामाया नको. नदीत चिलापी खा, विका, जाळंवाल्या दादांना धंदा करू द्या. आणि मागूरची शेततळी बंद करा, कारण तिथे मासा अजून कोणाच्या तरी ताब्यात आहे.

जाता जाता, बोटुकली म्हटलं की आपल्याकडे कटला-रोहूच सोडतात. ते मूळ गंगेकडच्या खोऱ्यांतले. देशी म्हणजे देशाच्या नकाशातलं की या नदीतलं, यावर मत्स्यखात्याने पण विचार करावा. मरळीचं बीज मागितलं तर मिळता मिळत नाही.

पांझरा (धुळे)

उत्तर द्यायचं म्हटलं होतं. दोन दिवस वाचत होतो.

अनेर यांचा उशिराचा मुद्दा मला मान्य करावा लागतोय. पण न मारता करण्याचे प्रयत्नही झालेत, ते कोणी लिहिले नाहीत. स्कॉटलंडजवळच्या युइस्ट बेटांवर १९७४ मध्ये कोणीतरी बागेतल्या गोगलगायींसाठी हेजहॉग आणले, साळिंदराहून छोटा काटेरी प्राणी. ते किनारी पक्ष्यांची अंडी खायला लागले. २००३ मध्ये मारायला सुरुवात झाली. लोकांनी विरोध केला, स्वतः पकडून मुख्य भूमीवर नेऊन सोडायला लागले. ते जगतात असं दिसल्यावर २००७ पासून मारणं थांबवून स्थलांतरच सुरू केलं. म्हणजे लोकांनी पदरमोड केली तर रस्ता निघतो.

अनेर

सर, ते जमलं कारण मुख्य भूमीवर हेजहॉग मूळचाच आहे, त्याला परत घरी सोडलं. चिलापीला मोझांबिकला कोण नेणार? कोलंबियात ड्रगमाफिया एस्कोबारने पाळलेल्या चार पाणघोड्यांचे आता शंभरावर झालेत. २०२३ मध्ये त्यातले ६० आपल्या गुजरातेत पाठवायचा प्रस्ताव होता. एकेक दीड-दोन टनांचा प्राणी, विमानाने! पुढे तिथल्या सरकारने नसबंदी आणि काही ठार मारणं हेही यादीत घेतलं.

पण पदरमोडीचं म्हणालात ते पटलं. ज्याला मारू नये वाटतं त्याने सांभाळायची जबाबदारी घ्यावी.

गिरणाई (चाळीसगाव)

अगदी वेळेवर आलात. एका पालकांनी बदली झाली म्हणून शाळेला दोन कासवं भेट दिलीत. कानामागे लाल पट्टा. आणली तेव्हा म्हणे रुपयाएवढी होती, आता ताटलीएवढी. मुलं म्हणतायत नदीत सोडू, पुण्य लागेल. काय करू?

अनेर

ताई, अजिबात सोडू नका! अमेरिकन कासव, रेड इअर्ड स्लायडर. देशी कासव पाळणं गुन्हा आहे, हे मात्र दुकानांत सर्रास विकतात. तीस वर्षंही जगतं. नदीत सोडलं तर देशी कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न दोन्ही घेतं, रोगही देतं. बंदिस्त जागेत सांभाळायचं, नाहीतर पशुवैद्याकडून वेदनारहित मरण. तिसरा रस्ता नाही.

पांझरा (धुळे)

गिरणाई ताई, मला द्या. घरामागे जुनं सिमेंटचं टाकं आहे, पाणी भरपूर. रविवारी चाळीसगावला येतो न्यायला.

जाळंवाला (सारंगखेडा)

सर, टाकं भरलं की जास्तीचं पाणी कुठे जातं?

पांझरा (धुळे)

गटारीत. गटार पुढे पांझरेत.

जाळंवाला (सारंगखेडा)

मग रविवारच्या आधी तोंडाला लोखंडी जाळी बसवा. नायलॉनची नको, ते कुरतडतं. आणि वरून पण झाका, टाक्याची भिंत कमी असेल तर कासव चढून बाहेर पडतं. जाळी मिळाली नाही तर सांगा, माझ्याकडे तुकडा पडलाय.